मुंबई आमच्याकडे का येते?

गेल्या महिन्यात खारेपाटातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली, चहा आला आणि गटातली एक मैत्रीण प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याजवळ सरकली. पिशवीत स्टँप पेपर होता. "ताई, जरा वाचा ना. भाऊ म्हणतो, सोमवारी पेणला येऊन सही कर." वाचलं. हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीने, कुठलाही मोबदला न घेता सोडत आहे, वगैरे वगैरे. तिचे वडील जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्या जमिनीचं कोणी नाव काढलं नव्हतं. काढणार कशाला? जमीन खारीची. एकदा उधाणाने बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भात धड होत नाही. मग आताच ही सहीची घाई का?

"एजंट येतात ना," ती म्हणाली. "मोबाइलवर नकाशा दाखवतात. इथे तिसरी मुंबई होणार म्हणे."

भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसलेल्या आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आमची मानसा मुंबयला गेली तेवरा पुरं नाय झाला काय? आता मुंबय आमचेकरं कशाला येतं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मिनीडोअरमध्ये बसून पेणला परतताना आजींचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. सनावळ्या पाठ केल्या, मार्क मिळवले आणि लग्नानंतर पुस्तकं माळ्यावर गेली. पण मुंबई जिथे आहे तिथेच का, आणि ती तिथे असल्यामुळे आमच्या पेण-रोह्याचं काय झालं, हे ना कोणी शिकवलं ना मी कधी विचारलं. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली. पुढचे पंधरा दिवस घरातल्यांनी माझं हे इतिहासप्रकरण सोसलं, त्याबद्दल त्यांचे आभार!

मुंबई पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली, हे आपल्याला माहीत असतं. करार १६६१ चा. पुढे १६६८ मध्ये राजाने हा हुंडा वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकला. (हुंड्यात आलेल्या वस्तूची सासरी काय किंमत असते, ते तेव्हाही असंच होतं म्हणायचं.) राजाला जे कळलं नाही ते कंपनीला कळलं. मैत्रिणींनो, मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा काढून बघा. मुंबईचा समुद्र पश्चिमेला, पण बंदर पूर्वेला आहे. म्हणजे आपल्या बाजूला! पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला तरी बेटाच्या आडोशाला जहाजं निवांत उभी राहू शकतात. एका बाजूने मुंबई बेटाची भिंत, दुसऱ्या बाजूने आपला उरण-रेवसचा किनारा. मुंबईचं सगळं वैभव ज्या बंदरावर उभं राहिलं, त्या बंदराचा एक काठ आपला आहे.

त्याआधी आपल्या देशात मोठी शहरं कुठे होती? देवगिरी, विजापूर, अहमदनगर, बुऱ्हाणपूर, पुणे. सगळी आत, जमिनीवर, नदी आणि किल्ला बघून, बैलांच्या तांड्यांच्या वाटेवर वसलेली. इंग्रजांनी मोठी केलेली तीन शहरं बघा. मद्रास, कलकत्ता, मुंबई. तिन्ही पाण्याच्या काठाला. त्यांचं घर समुद्रापलीकडे होतं, माल तिकडे न्यायचा होता, मग शहर दाराशी हवं, माजघरात नको.

बंदरं आपल्याकडेही होतीच. रोह्याहून कुंडलिका वाहत जाते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथलं चौल हे किती जुनं बंदर! ग्रीक लोकांनीही त्याची नोंद केली आहे. चौलचं कापड परदेशी जायचं. मुंबई कंपनीकडे गेल्यावर सतराव्या शतकातच चौलचे विणकर तिकडे जाऊ लागले. आपल्या जिल्ह्यातून मुंबईला माणसं जायला सुरुवात झाली ती गिरण्यांच्या कितीतरी आधी. आज चौल म्हटलं की नारळी-पोफळीच्या वाड्या, दत्ताचा डोंगर आणि डिसेंबरची जत्रा आठवते. बंदर कुठे होतं ते दाखवायला माणूस लागतो.

पेणचंही बंदर होतं, अंतोऱ्याचं. भोगावतीच्या खाडीत भरतीच्या वेळी मचवे यायचे, तांदूळ आणि मीठ भरून मुंबईला जायचे. आमच्या सासूबाईंनी हे त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं. त्या स्वतः सांगतात ते धरमतरचं. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. अलिबागला जायचं तर धरमतरला उतरून होडीने पलीकडे जायचं, मग पुढची गाडी. "एकदा तुझ्या नणंदेला कडेवर घेऊन उतरले ती गुडघाभर चिखलात," ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला होते. घाटावरचा माल बोरघाट उतरून खोपोलीला, तिथून पनवेलला आणि पनवेलहून होडीने मुंबईला जायचा. पुण्याला जाणारे साहेब लोकही याच वाटेने जायचे. पनवेलच्या पेठा त्यावर चालत.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. हा दिवस आपण कौतुकाने सांगतो, आणि कौतुक आहेच. पण ती पुढे कुठे गेली बघा. कल्याणहून एक फाटा कर्जतवरून बोरघाट चढला, तो घाट १८६३ मध्ये सुरू झाला. दुसरा फाटा थळ घाटाने नाशिक, खानदेश, वऱ्हाडाकडे. कशासाठी? मुख्यतः कापसासाठी. तिकडे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तयार कापड विकायला इथला बाजार हवा होता. रूळ टाकले ते माणसांची सोय बघून कमी आणि गाठोड्यांची सोय बघून जास्त. कोकणात कापूस पिकत नाही. मग कोकणाला रेल्वे कोण देणार? बोरघाटातून गाडी धावू लागल्यावर पनवेलच्या वाटेवरचे तांडे आटले. रोह्याला रेल्वे पोचली १९८६ मध्ये. ठाण्याच्या त्या पहिल्या गाडीनंतर १३३ वर्षांनी!

ती गाडी मला आठवते. मी रोह्याची. तेव्हा शाळेत नुकती जायला लागले होते. रोहे हे शेवटचं स्टेशन, पुढे रूळ नाहीत. "पुढे काय आहे?" असं मी विचारलं, तर आमचे अण्णा म्हणाले, "पुढे कोकण आहे." जणू आम्ही कोकणात नव्हतोच! पुढे कोकण रेल्वे झाली, २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि आमचं शेवटचं स्टेशन मधलं झालं.

आता गिरण्यांचं बघू. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला आणि विलायत एकदम जवळ आली. गिरण्या वाढल्या तशी माणसं लागली. ती कुठून आली हे कोकणातल्या बाईला सांगायला नको. १९११ आणि १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे साडेपाचशेसुद्धा बायका नव्हत्या. बाकीच्या कुठे होत्या? गावी. मनिऑर्डरची वाट बघत, सासू-सासऱ्यांचं करत, बांधबंदिस्ती करत, शिमग्याला आणि गणपतीला नवरा येईल म्हणून दिवस मोजत. मुंबई कोणी वसवली, असं विचारलं की शेटजी आणि साहेबांची नावं निघतात. या बायकांनी गावची घरं धरून ठेवली नसती तर एका खोलीत दहा-बारा जणांनी पाळीपाळीने झोपून गिरणी चालवणं कोणाला जमलं असतं? गिरणीला मजूर इतके स्वस्त मिळाले, कारण त्यांचा संसार गावची बाई फुकट चालवत होती. हे माझं मत आहे. इतिहासाच्या पुस्तकात मला ते कुठे सापडलं नाही.

ज्या बायका मुंबईला गेल्या त्यांनी खाणावळी घातल्या. गिरणगावात एकेक बाई वीस-पंचवीस जणांचे डबे करायची, तेही वाण्याच्या उधारीवर. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आपण आज बचत गट म्हणतो, त्याची एक थोरली बहीणच ती. पुढे जानेवारी १९८२ चा संप झाला आणि गिरणगाव मोडलं ते मोडलंच. आमच्या आळीतले दोघं तेव्हा परत आले होते. त्यातल्या एकांनी पोह्याच्या गिरणीत काम धरलं, दुसऱ्यांनी शेवटपर्यंत काहीच धरलं नाही.

आता रोह्याची गोष्ट. मला सगळ्यात नवल वाटलं ते याचंच. आमच्या लहानपणी भर वैशाखातही कुंडलिकेला पाणी असायचं. शेजारच्या नद्यांची उन्हाळ्यात नुसती खडकाळ वाट व्हायची आणि आमची नदी वाहती. आजी धुणं धुवायला जायची तेव्हा कोणीतरी ओरडायचं, "भिऱ्याचं पाणी सुटलं!" की सगळ्या बायका बादल्या उचलून वर. मला वाटायचं, भिरा म्हणजे कुठला तरी देव असेल, मनात आलं की पाणी सोडणारा.

तर तो देव म्हणजे वीजघर. मँचेस्टरला गिरण्या झाल्या कारण कोळशाच्या खाणी जवळ, बंदरही जवळ. मुंबईला बंदर होतं, पण कोळसा नव्हता. तो बंगालमधून नाहीतर सातासमुद्रापलीकडून आणावा लागे. मग सह्याद्रीवर पडणारा पाऊस अडवून तो डोंगरावरून खाली सोडायचा आणि त्यावर वीज करायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या पश्चात उभी राहिली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. मग १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. भिऱ्यासाठी मुळशीचं धरण बांधलं. पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, बायकाही त्यात होत्या. धरण थांबलं नाही.

पण वीज मुंबईला गेली तरी पाणी खालीच उतरतं ना! खोपोलीचं पाणी पाताळगंगेत आलं, भिवपुरीचं उल्हास नदीत आणि भिऱ्याचं कुंडलिकेत. घाटापलीकडे बंगालच्या उपसागराकडे जायचं पाणी असं आमच्या तीन नद्यांना मिळालं आणि त्या बारमाही झाल्या. आता स्वातंत्र्यानंतर कारखाने कुठे आले ते बघा. पाताळगंगेकाठी रसायनी, उल्हास नदीच्या पाण्यावर अंबरनाथ आणि कल्याणचा पट्टा, कुंडलिकेकाठी आमचं धाटाव. बारा महिने पाणी असेल तिथे कारखाना. गिरण्यांना वीज हवी म्हणून मुळशीची गावं बुडाली, आणि त्या पाण्यामुळे पन्नास वर्षांनी रोह्याला एमआयडीसी आली. अण्णा तिथल्याच एका कारखान्यात लागले, आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं त्या पगारावर झाली. नदीचा वास मात्र बदलला. पुढे आजीने नदीवर जाणं सोडलं. बारमाही नदी दाराशी असून नळाला पाणी कधी येतं म्हणून आई पहाटे चारला उठायची. आता कोलाडला त्याच सुटलेल्या पाण्यावर मुंबईची मुलं रबरी बोटीतून रॅफ्टिंग करतात. माझा भाचाही जाऊन आला, फोटो पाठवले.

पेणला अशी नदी नव्हती. पेणला हात होते. गणपतीची शाडू माती येते गुजरातेतून, गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं आणि आता परदेशातलंही. म्हणजे ना माल इथला, ना बाजार इथला. तरी मूर्ती पेणचीच, कारण डोळ्यांची आखणी करणारी बोटं इथली आहेत. हमरापूर, जोहे भागात घराघरात कारखाने आहेत आणि त्यात बायका किती आहेत ते श्रावणात येऊन बघा. पापड-मिरगुंडांचंही तेच. नकाशात बसत नाही असा उद्योग एखाद्या गावाला कसा चिकटतो, यावर कोणीतरी अभ्यास करायला हवा.

पण मोठा कारखाना पेण तालुक्यातही आलाच, तोही खाडी बघून. डोलवीचा पोलादाचा प्रकल्प धरमतरच्या खाडीलगत आहे, कारण कच्चा माल बार्जमधून थेट दाराशी येतो. आमच्या आजेसासऱ्यांचे मचवे भरतीचीच वाट बघायचे. खाडी तीच, फक्त मचव्यात तांदूळ होता आणि मुंबईकडे जायचा.

आता आजींच्या प्रश्नाकडे येते. मुंबई बेट आहे. बेटाला वाढायला जागा नसते. आधी समुद्र बुजवला, मग ठाणे-कल्याण भरलं, मग १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या अलीकडे नवी मुंबई आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवाला नवं बंदर सुरू झालं. म्हणजे बंदराचा जो काठ आपला म्हणाले ना मी, तो आता खरोखर बंदर झाला. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू खुला झाला, २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. आणि २०२४ मध्येच उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतली १२४ गावं सरकारने नव्या शहरासाठी अधिसूचित केली. एजंट मोबाइलवर दाखवतो तो नकाशा या गावांचा. त्यात आपलं गाव आहे की नाही, हेसुद्धा गटातल्या निम्म्या बायकांना माहीत नव्हतं.

असं पहिल्यांदाच होतंय असं नाही. २००६ च्या सुमाराला महामुंबई सेझ आलं होतं. जमिनी घ्यायच्या होत्या त्या १८९४ च्या कायद्याने. म्हणजे मुळशीच्या वेळचाच साहेबाचा कायदा, आणि तो २०१३ मध्ये नवा कायदा होईपर्यंत चालला. आपल्या खारेपाटाने तेव्हा जोरदार विरोध केला. एन. डी. पाटील सर नेहमी येत. शेवटी २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ही गावं. मी तेव्हा नुकती सामाजिक कामात पडले होते. ज्यांचं नाव सातबारावर आहे तेच मत देणार. एका केंद्राबाहेर आम्ही बायका उभ्या होत्या, सगळ्या शेतात राबणाऱ्या, आणि आत जाणारे बहुतेक पुरुष. कौल विरोधात गेला, सेझ झालं नाही, गुलाल उधळला. पण बाहेर उभं राहिल्याचं मी विसरले नाही.

त्याच हेटवणे धरणाचं पाणी पाइपातून नवी मुंबईला जातं. आणि खारेपाटात एप्रिल-मे आला की हंडे बाहेर निघतात. परवाच्या बैठकीतही दोघी उशिरा आल्या, टँकर आला होता म्हणून. नवं शहर येईल तेव्हा आधी कोणाच्या नळाला पाणी येईल, हे मला कोणी लेखी दिलं तर हवं आहे.

शहर येऊच नये असं मी म्हणत नाही. धाटावचा पगार मी खाल्ला आहे. माझी मुलगी खारघरला शिकते, रोज पेणहून ये-जा करते, आणि तिला तिथेच नोकरी लागावी असं मला मनापासून वाटतं. जमीन विकून एखादीच्या मुलाचं शिक्षण होणार असेल तर विकू नको म्हणणारी मी कोण? पण विकायची की नाही हे ठरवताना ती खोलीत हवी ना! मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने तसा कायदा १९९४ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी जमिनीला भाव आला की पहिला कागद निघतो तो बहिणीच्या हक्कसोडीचा. भाऊबीजेला साडी आणि सोमवारी सही. माहेर तुटेल या भीतीने आपण करतो. मीही केली आहे. रोह्याच्या घरावरची. तेव्हा वाचलीसुद्धा नव्हती.

म्हणून त्या मैत्रिणीला मी सही कर किंवा करू नको, यातलं काहीच म्हटलं नाही. कागद दोनदा मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिने मला थांबवलं. "हा गट नंबर कुठला? आमचं खार तर बांधाकडचं आहे. हा नंबर रस्त्याकडचा दिसतो." तिथे किती क्षेत्र आहे, ते वडिलांच्या नावावर कधी आलं, तिला काहीच ठाऊक नव्हतं.

सोमवारी ती पेणला आली. भाऊ दहा वाजल्यापासून थांबला होता. तिने त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "सही करीन, पण आधी सातबारा आणि सगळे फेरफार बघीन." दोघं मिळूनच तलाठी कार्यालयात गेले. नकला मिळायला आठ दिवस लागतील असं सांगितलंय. घरी परतल्यावर आजींनी तिला विचारलं म्हणे, "मुंबय आली काय गो?"

"अजून नाय," ती म्हणाली. "कागद बघतंय."